डीव्हीएलमधला 'एल' कुठे गेला?

नीट-पीजीचा निकाल लागला की दरवर्षी एक जुनी तक्रार नव्याने सुरू होते. वरच्या रँकवाल्यांनी कोणत्या शाखा घेतल्या याच्या याद्या फिरायला लागतात. रेडिऑलॉजी, मेडिसिन आणि त्यांच्याच जोडीला डर्मा, म्हणजे त्वचारोग. मग कुणी ज्येष्ठ सर्जन लिहितात की आमच्या काळी हुशार मुलं सर्जरी घ्यायची. कुणी मीम टाकतं, की देशातली सगळ्यात हुशार पोरं आता पिंपल्स फोडणार. खाली हसणाऱ्या इमोज्यांची रांग. एकूण सूर असा, की जिला हृदय, मेंदू, हाडं यांपैकी काहीही मिळू शकत होतं तिने कातडी निवडली, तर तिच्या हेतूतच खोट असणार.

मला या सुराशी भांडायचं आहे. ते भांडण झालं की ज्या बाजारात ती मुलगी उतरणार आहे त्याच्याशी, म्हणजे तुमच्या-माझ्याशी भांडायचं आहे. आणि शेवटी थोडं तिच्याशीही.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. पण माझी आतेबहीण एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपवून सध्या पीजीच्या परीक्षेला बसते आहे. रँक आली तर डर्मा घेणार, हे तिने घरात सांगितलं त्या दिवशी आत्या म्हणाली, "साडेपाच वर्षं शिकून शेवटी पार्लरच काढायचं होतं का गं?" आत्या वाईट नाही. तिने फक्त मोठमोठे लोक जे सभ्य शब्दांत म्हणतात तेच सरळ म्हटलं.

हा प्रश्न मला कुणी विचारला नाही

कॅप राउंडमध्ये माझ्या मार्कांना कॉम्प्युटर मिळत होतं, मी घेतलं. माझ्या वर्गातल्या साठातल्या पन्नास जणांची गोष्ट हीच आहे. ज्याला सिव्हिल मनापासून हवं होतं त्याला घरच्यांनी समजावलं, की मार्क वाया घालवू नकोस. चार वर्षांनी पगाराचा आकडा ऐकून नातेवाइकांनी पेढे खाल्ले. "तुला अल्गोरिदमची आवड कधीपासून?" असं एकाही काकाने विचारलं नाही. आमच्या धंद्यात एसीत बसणं, शनिवार-रविवार सुट्टी आणि बरा पगार ही कारणं इतकी मान्य आहेत, की ती कारणं आहेत हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टर होणाऱ्या मुलीने मात्र हीच कारणं सांगितली की ती स्वार्थी ठरते. तिने रडवणारी गोष्ट सांगावी अशी आपली अपेक्षा असते. परदेशी अर्जांसाठी किंवा फेलोशिपसाठी जे 'मला हे का शिकायचंय' छापाचे निबंध लिहावे लागतात, त्यांतले तीन-चार इंग्रजी तपासायला माझ्याकडे आले आहेत. सगळ्यांचा सांगाडा एकच. नववीत चेहऱ्यावर मुरुमं आली, कुणी शेजारी बसेना, आरशात बघवेना. मग एक देवासारखे डॉक्टर भेटले आणि आयुष्य बदललं. यातल्या एखाद्या मुलीच्या बाबतीत हे अक्षरशः खरं असेलही. पण दुःख असल्याशिवाय हेतू शुद्ध नाही असा नियम केला, की सगळे जण दुःख शोधायला लागतात आणि खरं कारण खिशात ठेवतात.

माझ्या बहिणीने खरं कारण खिशात ठेवलं नाही. ती म्हणाली, "दादा, एक तर मला रात्री झोपायचंय. दुसरं, तिशीच्या आत मला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय. आणि तिसरं, त्वचेच्या डॉक्टरला ऑपरेशन थिएटर लागत नाही, भागीदार लागत नाही, मोठ्या हॉस्पिटलच्या मालकापुढे उभं राहावं लागत नाही. एक खोली, एक टेबल, चांगला उजेड. बस."

यातलं कोणतं कारण लाजेचं आहे? निवासी डॉक्टरांच्या सलग छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या हे आपल्याकडचं उघड गुपित आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात एका सरकारी रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या तरुण निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये एक साधी मागणी होती, रात्री टेकायला कडी लागणारी खोली. जी व्यवस्था ही खोली देत नाही, तिने चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलींना "रात्र नसलेली शाखा का घेतेस?" असं विचारावं हा निव्वळ कोडगेपणा आहे. ज्येष्ठ सर्जनांना सर्जरीतली घटलेली गर्दी खुपत असेल तर त्यांनी आपल्या विभागाचं ड्यूटीचं वेळापत्रक आधी बघावं. मुलींच्या हेतूंची झडती नंतर घेता येईल.

आणि 'हलकी शाखा' या शब्दाबद्दलही एकदा बोलून टाकू. अपस्माराच्या किंवा दुसऱ्या एखाद्या साध्या गोळीने क्वचित एखाद्याची कातडी भाजल्यासारखी सुटून यायला लागते. त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस म्हणतात, आणि त्यात साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. पेम्फिगसमध्ये तोंडात आणि अंगभर फोड येऊन फुटत राहतात. स्टिरॉइड येण्याआधी तो बहुतेकांचा जीवच घ्यायचा. त्यावर १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये जे. एस. पसरिचा यांनी ठरावीक दिवसांच्या अंतराने सलाइनमधून मोठे डोस देण्याची 'पल्स' पद्धत बसवली. ती भारतभर वापरली गेली. रात्रीची धावपळ इथे कमी आहे, हे खरं. पण धावपळ कमी असणं आणि काम हलकं असणं यांत फरक आहे.

पाटीवरचे तीन शब्द

इथपर्यंत मी पूर्णपणे बहिणीच्या बाजूने आहे. आता पुढे.

तिला जी पदवी हवी आहे तिचं पूर्ण नाव एमडी, डर्मटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रसी. थोडक्यात डीव्हीएल. त्वचारोग, लैंगिक संपर्कातून होणारे रोग, आणि कुष्ठरोग. जगात अनेक ठिकाणी पहिला शब्द पुरतो. आपल्याकडे पदवीच्या नावातच कुष्ठरोग आहे, कारण तो आपल्या देशात आहे.

आता आपल्या शहरातल्या कुठल्याही स्किन क्लिनिकची पाटी आठवा. स्किन, हेअर, लेझर. ग्लो, ग्लास स्किन, ब्रायडल पॅकेज. दोन शब्द पुसले गेले आहेत आणि उरलेल्या एका शब्दाचाही फक्त वरचा थर ठेवला आहे. विद्यार्थिनीचा हेतू शुद्ध आहे की नाही या चर्चेत आपण ही पाटी पाहातच नाही. मला तिचं कारण काय याच्याशी फारसं देणंघेणं नाही. तिने पगारासाठी यावं, झोपेसाठी यावं. पण जी शाखा तिला मिळणार आहे ती पूर्ण मिळते आहे का, आणि पूर्ण मिळाली तर ती पूर्ण वापरेल का, हा विचारायचा प्रश्न आहे.

शेवटच्या शब्दापासून सुरू करतो.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचं 'निर्मूलन' झाल्याचं जाहीर केलं. या शब्दाचा अर्थ रोग संपला असा नव्हता. दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच त्याचा तांत्रिक अर्थ. पण ऐकणाऱ्यांनी 'संपला' असंच ऐकलं. आजही जगातल्या दरवर्षीच्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आशाताई घरोघर जाऊन आजही अंगावरचे चट्टे तपासतात. देशाने २०२७ पर्यंत संसर्ग थांबवायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. आनंदवन आपण सहलीत पाहतो, बाबा आमट्यांवर शाळेत निबंध लिहितो, आणि मग तो रोग इतिहासाच्या पुस्तकात ठेवून देतो.

हा रोग बरा होतो. तीन औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवला. तो सरकारी केंद्रात फुकट मिळतो, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावा लागतो आणि सुरू केल्यावर लवकरच रुग्णापासून दुसऱ्याला लागण होणं थांबतं. तरी आपल्या विवाहविषयक कायद्यांमध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत शाबूत होतं. औषध येऊन जवळपास चार दशकं झाली होती. जंतू काही महिन्यांत मरत होता आणि संसार मोडायची मुभा कायद्यात तशीच होती.

माझ्या बहिणीने चौथं कारण सांगितलं ते इथलं आहे. ते तिने घरात सांगितलं नाही, मला बसस्टॉपवर सांगितलं. इंटर्नशिपमध्ये त्वचेच्या ओपीडीत तिची पाळी होती. एक साठीची बाई दंडावरचा फिकट चट्टा दाखवायला आली होती. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून दोन वर्षं तशीच होती. मॅडमनी तिला डोळे मिटायला सांगितले, कापसाची वात केली आणि म्हणाल्या, "लागलं की बोट ठेवून दाखवा, आजी." मनगटावर लागलं, दाखवलं. खांद्यावर लागलं, दाखवलं. चट्ट्यावर वात तीन वेळा फिरली आणि आजी डोळे मिटून वाट बघत बसल्या होत्या, की बाई कधी सुरू करणार.

"दादा, दोन मिनिटं," ती म्हणाली. "ना सीटी, ना एमआरआय. कापूस. मला तेव्हा काही सेवाबिवा वाटली नाही. मला वाटलं, हे मला यायला पाहिजे."

मला हे कारण ताबडतोब कळलं. तीन दिवस न सापडणारा बग कुणीतरी येऊन दोन ओळी वाचून दाखवतो तेव्हा जे वाटतं ते हेच. त्यात दया नाही, त्याग नाही, पैसाही नाही. एखादं काम नीट जमण्याची भूक आहे. अर्जांच्या निबंधांमध्ये हे कारण मी एकदाही वाचलेलं नाही.

मधला शब्द

व्हेनेरिऑलॉजी. मुंबईच्या लोकलमधून प्रवास केलेल्या प्रत्येकाने रुळांकडेच्या भिंतीवर रंगवलेली गुप्तरोगाची जाहिरात वाचली आहे. एक शर्तिया इलाज, एक फोन नंबर, नावामागे एखादी न कळणारी पदवी. त्या भिंतीवर ही माणसं आहेत कारण एमडी झालेल्यांच्या पाटीवर 'व्ही' नाही.

याची किंमत आपल्या वयाचे लोक मोजतात. जननेंद्रियावर फोड आलेला बावीस वर्षांचा मुलगा आधी इन्कॉग्निटो विंडो उघडतो, मग मेडिकलमध्ये कुणी नसेल अशी वेळ बघतो, मग भिंतीवरचा नंबर लावतो. सुरुवातीच्या टप्प्यातला सिफिलिस बेंझाथिन पेनिसिलिनच्या एका डोसात बरा होतो. अनेक दशकं जुनं, स्वस्त औषध. पण त्यासाठी त्याने कपडे उतरवून कुणासमोर तरी उभं राहायला हवं, आणि समोरच्याने भुवई न उंचावता बघायला हवं. ब्रायडल पॅकेजच्या पोस्टरखाली, स्वागतकक्षातल्या पांढऱ्या सोफ्यावर बसून तो मुलगा हे सांगू शकेल असं तुम्हाला वाटतं?

आणि पहिला शब्दही अर्धाच

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलच्या एका विंगमध्ये नायटा पसरला. अर्धवट वाळलेल्या जीन्स, एकमेकांचे टॉवेल, दमट खोल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने सगळ्यांना एकच ट्यूब दिली. तीन दिवसांत खाज गेली, आठवड्याने दुप्पट होऊन परत आली. पुन्हा तीच ट्यूब. एकाच्या मांडीवर त्या जागी कातडी पातळ होऊन फाटल्यासारखे पट्टे उमटले, ते आजही आहेत.

त्या ट्यूबमध्ये काय असतं हे आता ठाऊक आहे. बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक आणि वर जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइड खाज आणि सूज दाबतं, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण तेच त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि बुरशी निवांत पसरते. असल्या ट्यूबा देशभर वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या. आज भारतातला नायटा हा जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चिंतेचा विषय आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये जे नाव मिळालं ते ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच इंडिया आहे. पूर्वी दोन-चार आठवड्यांत बरा होणारा नायटा आता महिनोन्महिने हटत नाही, घरभर फिरतो, आणि माणसं लाजून गप्प बसतात.

असलीच स्टिरॉइडं बायका चेहऱ्यावर लावतात, गोरं व्हायला. आधी खरंच उजळल्यासारखं वाटतं. मग चेहरा लाल होतो, उन्हात जळतो, पुटकुळ्या येतात, केस उगवतात, आणि मलम थांबवलं की सगळं आणखी भडकतं, म्हणून थांबवता येत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव दिलं, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. त्यांच्या संघटनेने यासाठी खास कृतिगट नेमला, सरकारदरबारी धडका मारल्या. चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत बाहेरून लावायच्या मलमांना पळवाट होती. २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमांसाठी ती बंद झाली. हे काम याच 'हलक्या' शाखेतल्या माणसांनी केलं. कागदावर नियम आला, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आज जाऊन बघा काय मिळतं ते.

बाजार कुणी मांडला?

इथे मला आपल्याकडे बोट करायचं आहे.

त्वचेच्या डॉक्टरांनी गोरेपणाचा धंदा मांडला असं म्हणणं सोपं आहे. पण लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण: निमगोरा' ही ओळ कुठल्या डॉक्टरने लिहिली? 'गव्हाळ' हा शब्द आपण गव्हासाठी वापरत नाही. बाळ जन्मल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कानामागचा रंग बघून "उजळेल हो" म्हणणारी मावशी एमडी नसते. कोड फुटलेल्या मुलीच्या बहिणीचंही लग्न अडतं, ते आपण अडवतो. कोड संसर्गाने पसरत नाही; आपल्याच शरीराची संरक्षक यंत्रणा रंगपेशींवर उलटते म्हणून ते येतं. तरी आपल्या भाषेने त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हटलं आणि एका शब्दात दोन वेगळ्या रोगांच्या माणसांना एकाच उंबऱ्याबाहेर उभं केलं.

माझा धंदाही यात सामील आहे. जून २०२० मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने त्वचेच्या रंगाचा फिल्टर लोकांच्या रेट्यामुळे काढला. फिल्टर म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे: डेटाबेसमधला एक रकाना, स्क्रीनवरची एक ड्रॉपडाउन यादी. कुणीतरी माझ्यासारख्याच इंजिनिअरने तो रकाना बनवला, कुणी तपासला, कुणी त्याचा वेग वाढवला. त्याच महिन्यात, १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातला 'फेअर' काढायचं जाहीर झालं, आणि मग तिथे 'ग्लो' आलं. ट्यूब तीच, भीती तीच.

तेव्हा डर्मा घेणाऱ्या मुलीला "तू लोकांच्या न्यूनगंडावर पैसे कमावणार" असं ऐकवणाऱ्याने आधी तो न्यूनगंड कुणाच्या घरात वाढवला जातो ते बघावं. शिवाय काही अभिमत विद्यापीठांत याच एमडीच्या तीन वर्षांची फी कोटीच्या घरात जाते. तेवढं कर्ज काढून बाहेर पडलेली डॉक्टर आजीच्या दंडावर कापूस फिरवत बसेल, की लेझरच्या हप्त्यांचं गणित मांडेल? हेतू शुद्ध करणारं प्रवचन देण्यापेक्षा ती फी कमी करा.

एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे माझं म्हणणं सोवळं वाटणार नाही. मुरुमांच्या खड्ड्यांवर उपचार करणं, चाळिशीच्या आत गळणाऱ्या केसांवर उपाय करणं, यात कमीपणा नाही. चेहरा घेऊनच माणूस जगात जातो. आणि आपल्या सावळ्या कातडीवर चुकीच्या सेटिंगने लेझर मारला तर काळे डाग पडतात, त्यामुळे ते काम शिकलेल्या माणसानेच करावं. माझं भांडण पाटीवर ते आहे याच्याशी नाही. पाटीवर फक्त तेच आहे, याच्याशी आहे.

मशीन येतंय, मग?

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे बहिणीने मला हेही विचारलं, की फोटो बघून एआय निदान करणार असेल तर ही शाखा घेऊ का? २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. सुमारे एक लाख एकोणतीस हजार फोटोंवर शिकवलेल्या मशीनने त्वचेच्या कर्करोगाच्या ठरावीक चाचण्यांत २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने निदान केलं. तेव्हापासून "डर्मा संपली" हे भाकीत चालू आहे.

त्यावर माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग रंगाचा. त्वचेच्या रंगाची जी मोजपट्टी जगभर वापरतात ती थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये बनवली, अतिनील किरणांचा डोस ठरवायला, गोरी कातडी उन्हात किती भाजते यावरून. तपकिरी आणि काळ्या कातडीचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. तीच पट्टी वापरून २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. मशीनला आपण जे दाखवतो तेच ते शिकतं. वैद्यकातही पुस्तकात 'लाल चट्टा' लिहिलेलं असतं, आणि आपल्या रंगावर तो जांभळा, तपकिरी, करडा दिसतो. हा फरक ओळखणारे डोळे आधी माणसांचे असावे लागतात. मग त्या माणसांनी फोटोंना नावं द्यायची, मग मशीन शिकणार. भारतात डर्मा शिकणाऱ्या मुलीसमोर जगातल्या बहुसंख्य रंगांची कातडी रोज ओपीडीत येऊन बसते.

दुसरा भाग छोटा आहे. बधिरपणाचा फोटो निघत नाही.

आता थोडं तुझ्याशी

तेव्हा डर्मा घेऊ पाहणाऱ्या ताई-दादांनो, तुमच्या कारणांची माफी मागू नका. झोप हवी म्हणून या, स्वतःची खोली हवी म्हणून या, कोडं सुटण्याचा आनंद हवा म्हणून या. दहावीतल्या मुरुमांची गोष्ट खरी असेल तर सांगा, नसेल तर रचू नका. प्रवेश रँकवर मिळतो, आसवांवर नाही; आणि ते ठीक आहे.

पण आत गेल्यावर तीन वर्षं एका तिसऱ्या भागाची राहणार नाहीत, एवढं बघा. कुष्ठरोगाच्या ओपीडीची पाळी बदलून घेऊ नका. एसटीआय क्लिनिकमध्ये भुवई न उंचावता प्रश्न विचारायला शिका. ते लेझरपेक्षा अवघड आहे. खरजेच्या एका पोराला मलम लिहून देऊन थांबू नका. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं नाही तर ते पोर महिन्याने परत येणार, हे त्याच्या आईला समजेल अशा मराठीत सांगा. आणि स्वतःची खोली मिळाली की पाटी रंगवणाऱ्याला पदवी पूर्ण लिहायला सांगा. तिन्ही शब्द. पेंटर म्हणेल, मॅडम, कुष्ठरोग लिहिलं तर पेशंट येणार नाहीत. काही येणार नाहीत, खरंच. पण कुणीतरी दोन वर्षं पदराखाली झाकलेला चट्टा घेऊन त्या पाटीखाली थांबेल आणि आत येईल.

बाकीच्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, काम सोपं आहे. पुढच्या वेळी मुरुमांसाठी, केसांसाठी, कशासाठीही एखाद्या चकचकीत स्किन क्लिनिकमध्ये गेलात की पैसे भरताना काउंटरवर एक प्रश्न विचारा: "तुमच्याकडे कुष्ठरोग तपासतात का?" शेजारच्या सोफ्यावरची माणसं जरा सरकून बसतील. बसू द्या. काउंटरवरची मुलगी आत जाऊन डॉक्टरांना विचारून येईल, आणि त्या दिवशी निदान एकदा तरी त्या क्लिनिकमध्ये पदवीचं नाव पूर्ण उच्चारलं जाईल.